डीलर थांबेल, वॉरंटी थांबणार नाही

ऐरोलीच्या एका वाचकाने तेरा महिन्यांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममधून 27 लाखांना प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्हींवर चालणारी) एसयूव्ही घेतली. बॅटरीवर तीसेक किलोमीटर चालणारी गाडी आधी दहावर आली, मग चार्जच होईना. डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीमची सूचना आली की तुर्भ्याचा गॅरेजवाला स्कॅनर लावून ती घालवायचा, असं तीनदा झालं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने बॅटरी पॅक आणि गाडीतला चार्जर धरून तोंडी 11 लाख सांगितले. खरेदीच्या कागदावर ‘गाडी आहे त्या स्थितीत, तपासून घेतली’ या ओळीखाली यांची सही आहे. डीलरकडून पैसे निघतील का, असं ते विचारतात. गाडीचं नाव बदलून हाच प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात.

तुमचं सगळं लक्ष डीलरवर आहे. मी मात्र पत्रातल्या एका वाक्यावर अडलो, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: गाडीची पहिली नोंदणी पुढच्या महिन्याच्या अखेरीस आठ वर्षांची होते. हाय व्होल्टेज बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल तितकी वॉरंटी देतात, आणि तुमच्या पुस्तिकेतही तेच आहे. ही आठ वर्षं तुम्ही गाडी घेतल्यापासून मोजत नाहीत, पहिल्या मालकाला गाडी मिळाली तेव्हापासून मोजतात. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पाच आठवडे आहेत, आणि कंपनीच्या दप्तरी तुमच्या तक्रारीचा एक कागदही नाही. तुम्ही सर्व्हिस सेंटरला गेलात, भाव विचारलात आणि परत आलात. तिथे जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीची लेखी नोंद, का उघडलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

उद्याच जा. गाडी चालत नसेल तर टो करून न्या. जॉब कार्डवर ‘रेंज कमी झाली’ एवढंच लिहू देऊ नका. वापराने बॅटरीची क्षमता हळूहळू घटणं कंपन्या नैसर्गिक झीज मानतात, आणि पुस्तिकेत ठरवलेल्या मर्यादेच्या खाली गेल्याशिवाय सहसा काही देत नाहीत. मे महिन्यात ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून रेंज घटते, तो तर दोषच नव्हे. तुमचा दोष वेगळा आहे: गाडी चार्ज घेत नाही आणि हायब्रिड सिस्टीमची सूचना वारंवार येते. तेच शब्द, तारीख आणि किलोमीटर जॉब कार्डवर आले पाहिजेत. तपासणीचे पैसे मागितले तर भरा, पावती घ्या. स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड आणि बॅटरीच्या प्रकृतीचा छापील रिपोर्ट मागा. देत नसतील तर त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक विभागाला जॉब कार्डचा फोटो जोडून ईमेल करा. मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतर निकाली निघाली तरी ती मुदतीतलीच, असं मांडता येतं. तोंडी विचारपूस मात्र कुठेच मोजली जात नाही.

कंपनी हरकती घेईलच. मधली एखादी सर्व्हिस चुकली, बाहेर काम करून घेतलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्डवरून चार्ज केलं, वगैरे. चासी नंबरवरून आधीचा सर्व्हिस इतिहास आत्ताच काढून ठेवा. चार्जर बहुधा बॅटरीच्या वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे 11 लाखांतला तेवढा भाग तुमच्या माथी येऊ शकतो.

आता डीलर. ‘आहे त्या स्थितीत’ या ओळीला लोक उगाच घाबरतात. पाहणीत दिसू शकला असता तो दोष तुमच्या अंगावर येतो, पण पॅकच्या आतला दोष तुम्हाला शोरूममध्ये दिसला असता का, यावर वाद घालता येतो. जाहिरातीत ‘बॅटरी वॉरंटी चालू’ असं होतं म्हणता, तर तो स्क्रीनशॉट जपा. डीलरने गाडी स्वतः विकली की तुमची आणि आधीच्या मालकाची फक्त गाठ घालून दिली, हे पावतीवर पाहा. तक्रार कोणाविरुद्ध टिकेल ते त्यावर आहे. पावती पाहिल्याशिवाय मी यापुढे जाणार नाही.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं असतात. ती डिलिव्हरीपासून मोजा. दोष नंतर कळला म्हणून घड्याळ उशिरा सुरू झालं, या युक्तिवादावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवरच्या ‘बघतो साहेब’ने मुदत वाढत नाही. 50 लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातो, तुमच्या रकमेला फी 1,000 रुपये, आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे. (पनवेल-खारघरच्या वाचकांनो, तुमचा जिल्हा रायगड.) समोरच्याला लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा पक्की केली. तक्रार तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. आयोगात तारखा कशा पडतात हे तिथे एक दिवस बसलात तर कळेल, तेव्हा गाडीची दुरुस्ती निकालावर टांगून ठेवू नका.

आणि तेरा महिने झाले तरी आरसी आधीच्या मालकाच्या नावावर? नव्या मालकाने 30 दिवसांत कळवायचं असतं. वॉरंटीच्या अर्जावर सही कोणाची, इथूनच कंपनी सुरुवात करेल. विमाही जुन्याच नावावर असेल तर तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकेल. वाशीच्या आरटीओचं काम याच आठवड्यात लावा, पण जॉब कार्ड त्यासाठी थांबवू नका. आधीच्या मालकाकडून अधिकारपत्र घेऊन जा.

तुर्भ्याच्या गॅरेजवाल्याला कोड पुन्हा पुसू देऊ नका, तुमचा पुरावाच तो आहे. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलींना त्याने हात लावता कामा नये. त्याच्याकडून तिन्ही वेळची बिलं घ्या, आणि फक्त स्कॅनिंग केलं, पॅक उघडला नाही, असं दोन ओळींत लिहून सही-शिक्का घ्या. बिलं दोन्हीकडून चालतात: दोष कधीपासून आहे ते दाखवतात आणि बाहेर काम झालं तेही. म्हणून ती कंपनीला आपणहून देऊ नका. मला आधी पाठवा, पावती आणि वॉरंटीच्या पुस्तिकेसह.