समुद्रघोडा आणि कमळपक्षी, दोघांतही नरच पिल्लं सांभाळतो. मग फरक काय?

फरक मोठा आहे. ठिपकेदार समुद्रघोड्याची मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते आणि फलन तिथेच होतं. पिशवीचं अस्तर भ्रूणांना प्राणवायू पुरवतं, आतला खारटपणाही सांभाळतं. म्हणजे ही खरी गर्भारपणाची अवस्था! सुमारे तीन-चार आठवड्यांनी शेकडो पिल्लं बाहेर पडतात. पुढे बाप त्यांच्याकडे बघतही नाही.

लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचा नर तरंगत्या पानांवरच्या घरट्यात साधारण 4 अंडी सुमारे 26 दिवस उबवतो. पाणी चढलं की अंडी हलवतो आणि पिल्लं निघाल्यावरही राखण करतो. मादी मात्र तोवर दुसऱ्या नराकडे गेलेली असते. समुद्रघोड्याची जोडी बहुधा हंगामभर टिकते.