प्रेस नसेल तर पुढे काय?

सई (नाव बदललं आहे) बडोद्याला प्रिंटमेकिंगमध्ये, म्हणजे प्लेट किंवा ठशावरून चित्रं छापण्याच्या कलेत, मास्टर्स करत होती. शेवटचं वर्ष. दिवाळीला कोल्हापूरला आली आणि परत जायचं नाव काढेना. वडील तिला माझ्याकडे सल्ल्यासाठी घेऊन आले. "मॅडम, एचिंगची प्रेस लाखाच्या घरात जाते म्हणे. मग डिग्रीनंतर हिनं काम करायचं कुठं?" एचिंगमध्ये अ‍ॅसिडनं कोरलेली धातूची प्लेट या दाबयंत्रावर, म्हणजे प्रेसवर, छापतात. प्रेसचा हा प्रश्न छापाचित्रण (प्रिंटमेकिंग) शिकणाऱ्या बहुतेक घरांत कधी ना कधी निघतोच.

मी सईला तिथला नेहमीचा दिवस सांगायला लावला. झिंकच्या प्लेटवर ग्राउंड (अ‍ॅसिड रोखणारा लेप), सुईनं रेखाटन, अ‍ॅसिड, मग शाई भरून पुसायची. "हात शाईनं भरलेले असतात, म्हणून ओला कागद प्लेटवर ठेवायला स्वच्छ हाताचं दुसरं कुणीतरी लागतं," हे सांगताना तिचा आवाज बदलला. प्रूफ (चाचणीचा छाप) निघालं की सगळे भोवती जमतात, चुका दाखवतात. बोलता बोलता तीच म्हणाली, "घरी एकटीनं छापलं तर बघणार कोण?"

वडिलांची काळजी पैशांची होती, तिची एकटं पडण्याची. घरात मात्र दोन्ही 'प्रेस'च्या नावानं बोलल्या जात होत्या, म्हणून वाद मिटत नव्हता. हे वेगळं केल्याशिवाय सल्ला देऊच नये, असं मला ठामपणे वाटतं.

पैशांचं आधी बोललो. वुडकट आणि लिनोकटला (लाकूड किंवा लिनोलियम कोरून छापायला) प्रेस लागतेच असं नाही. पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासलं तरी स्वच्छ छाप उठतो. अ‍ॅसिडचं काम मात्र घरी नको, यावर मी आग्रही होते. एचिंग आणि लिथोसाठी (दगडावर चित्र काढून छापण्यासाठी) सामायिक कार्यशाळा आहेत: बडोद्यातच १९९९ पासून 'छाप', दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ, भोपाळच्या भारत भवनात ग्राफिकची कार्यशाळा. नोकरीची खात्री मी दिली नाही. शिकवण्याच्या जागा थोड्या आहेत आणि नुसत्या प्रिंट्स विकून सुरुवातीला घर चालणं अवघड, हे वडिलांसमोरच सांगितलं.

सईला मी छापाचित्रकार कृष्णा रेड्डींची आठवण करून दिली. शाईतलं तेल कमीजास्त करून एकाच प्लेटवरून अनेक रंग छापायची व्हिस्कॉसिटी पद्धत त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातून आकाराला आली ती पॅरिसच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत, अनेक कलाकारांच्या सामायिक जागेत. या कलेत सोबत हवीशी वाटणं हा दुबळेपणा नव्हे.

मग ठरलं ते एवढंच. परत गेल्यावर वर्गातल्या कुणाला डिग्रीनंतरही काम चालू ठेवायचंय ते विचारायचं, आणि कार्यशाळेत जाऊन वापराचे दर नि नियम समजून घ्यायचे. वडिलांनी एक वर्ष भाड्याचे आणि कागदाचे पैसे द्यायचं कबूल केलं. त्यानंतर हिशेब मांडून पुन्हा बसायचं. सई त्याच आठवड्यात बडोद्याला गेली. पुढे फोन आला तेव्हा दोन मैत्रिणी तयार झाल्या होत्या, आणि तिची चौकशी लिथोचा दगड भाड्यानं मिळतो का, याची होती.