डी म्हणजे उजवीकडं वळवणारा, हे आधी डोक्यातून काढ

तू विचारलंस की फ्रुक्टोज ही साखर डी असून त्याचं रोटेशन (म्हणजे द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती वळतो तो आकडा, उजवीकडं वळला तर प्लस, डावीकडं तर मायनस) मायनस 92 कसं, आणि डी-ग्लुकोजच्या सी-5 (पाचव्या कार्बन) वरचा ओएच डावीकडं केला की एल-ग्लुकोज होतो का. लाजू नको, लातूरला क्लास लावलेली निम्मी लेकरं इथंच अडकायलेत.

डी-एल ही नुसती कागदावरची बाजू. फिशरच्या चित्रात (साखरेचे कार्बन उभ्या रेघेवर मांडायची पद्धत) सगळ्यात खालच्या कायरल कार्बनचा, म्हणजे चार वेगवेगळे गट लागलेल्या कार्बनचा, ओएच उजवीकडं असला की डी, विषय संपला. प्लस की मायनस हे मोजूनच कळतं, चित्राकडं कितीही बघत बस. आणि एकटा सी-5 पलटवलास तर हातात एल-आयडोज ही वेगळीच साखर येते, एल-ग्लुकोज नाही. एल-ग्लुकोज म्हणजे आरशातलं रूप, ते पाहिजे तर 2, 3, 4, 5 या चारही कार्बनवरचे ओएच पलटव.

मी बरीच वर्षं साखर कारखान्याच्या लॅबला काढलीत. उसाच्या रसात तो स्वच्छ करायला लेड सबअ‍ॅसिटेट टाकून गाळायचा, नळीत भरायचा, बुडबुडा राहिला की शिव्या घालत परत भरायचा, मग पोलारिमीटरला (प्रकाश किती वळतो ते मोजणारं मशीन) लावायचा, त्या आकड्याला आम्ही पोल म्हणायचो. गव्हाणीवर (कारखान्यात ऊस टाकायची जागा) नंबर लागेना आणि तोडलेला ऊस दोन-तीन दिवस ट्रॉलीत उन्हात वाळत पडला की पोल घसरायचीच, शेतकरी म्हणायचा साहेब मशीन खराब आहे तुमची. मशीन नीट होती, उसातलं सुक्रोज, म्हणजे आपली खायची साखर, फुटलेलं असायचं. सुक्रोज प्लस 66.5, फुटून निम्मा ग्लुकोज प्लस 52.7 आणि निम्मा फ्रुक्टोज मायनस 92, सरासरी काढ, मायनस 20 च्या आसपास येते. चिन्हच उलटं झालं म्हणून त्याला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. दोघंही डीच आहेत बरं का.

ग्लुकोजचा 52.7 पण सुरुवातीला दिसत नाही, ग्लुकोजच्या रिंगची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं, त्यातला शुद्ध अल्फा पाण्यात टाकला की आधी 112 दाखवतो, मग हळूहळू उतरतो कारण रिंग उघडते आणि काही बीटा होतात. सुक्रोजमध्ये दोन्हीकडचा अ‍ॅनोमेरिक कार्बन (जिथं रिंग उघडते तो) एकमेकांतच अडकलेला, म्हणून ते असं उतरत नाही आणि फेलिंगच्या चाचणीला (रिड्यूसिंग साखर ओळखायची) पण दाद देत नाही.

मिठाच्या स्फटिकाच्या एका युनिट सेलमध्ये (सगळ्यात लहान, परत परत येणारा घन) 4 सोडियम आणि 4 क्लोराइड कसे ते पण विचारलंस. क्लोराइड 8 कोपऱ्यांवर प्रत्येकी आठवा भाग म्हणजे 1, सहा तोंडांवर अर्धे म्हणजे 3. सोडियम 12 कडांवर पाव पाव म्हणजे 3 आणि मधोमध 1. भिंग घेऊन मिठाचा दाणा आणि खडीसाखरेचा खडा शेजारी ठेव, मीठ काटकोनात दिसंल, साखर मोनोक्लिनिक (एक कोन काटकोन नसलेली रचना) म्हणून तिरकी.