शेअर आणि फंड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार वर्षांपूर्वी एजंटामार्फत एका फ्लेक्सी कॅप फंडात महिना 15,000 रुपयांची एसआयपी सुरू केली. प्लॅन रेग्युलर, म्हणजे एजंटाचं कमिशन कापणारा, आहे हे आता कळलं. 7,20,000 रुपये भरले, आजची किंमत 9,60,000 आहे. सगळं एकदम डायरेक्टमध्ये स्विच करू का? (कराड)

उत्तर : डायरेक्टमध्ये, म्हणजे एजंटाशिवायच्या प्लॅनमध्ये जा, पण सगळं एकदम हलवू नका. अ‍ॅपवर स्विचचं बटण एकच दिसतं. आयकराच्या हिशेबात मात्र ती जुन्या युनिटांची विक्री आणि नव्यांची खरेदी असते.

पहिलं काम लगेच करण्यासारखं आहे. रेग्युलरमधली एसआयपी बंद करा आणि त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये नवी सुरू करा. याला ना कर, ना लोड (फंडातून बाहेर पडण्याचं शुल्क). पुढचा प्रत्येक हप्ता कमी खर्चाच्या प्लॅनमध्ये पडू लागेल.

मग जुनी युनिटं. प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं मोजतात, आणि विकताना सर्वांत जुनी युनिटं आधी जातात. फोलिओचं (फंडातल्या तुमच्या खात्याचं) स्टेटमेंट मागवून हप्तेवार खरेदीची तारीख आणि एनएव्ही (एका युनिटाचा भाव) पाहा. समजा तुमच्या पहिल्या 36 हप्त्यांवर 2,30,000 आणि शेवटच्या 12 हप्त्यांवर 10,000 नफा आहे. या शेवटच्या 12 हप्त्यांना हात लावायचा नाही. त्यांना वर्ष झालेलं नाही, त्यामुळे नफ्यावर 20 टक्के कर बसेल, आणि बहुतेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत बाहेर पडल्यास 1 टक्का एक्झिट लोडही कापतात. तो लोड नफ्यावर नसून काढलेल्या पूर्ण रकमेवर असतो.

उरले 2,30,000. शेअर आणि इक्विटी फंड मिळून वर्षाला 1,25,000 रुपयांपर्यंतच्या दीर्घकालीन (वर्षाहून जुन्या युनिटांवरच्या) नफ्याला कर नाही, त्याहून जास्त असलेल्या भागावर 12.5 टक्के. सगळं एकाच आर्थिक वर्षात हलवलं तर 1,05,000 वर 13,125 रुपये कर आणि 4 टक्के सेस मिळून 13,650 जातील. तेच काम थोडं मार्चच्या मध्याला आणि उरलेलं एप्रिलमध्ये केलं, दोन्ही वेळचा नफा मर्यादेत ठेवला आणि त्या वर्षांत दुसरा असा नफा नसला, तर कर शून्य. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी की ते युनिटं निम्मी करतात. जुन्या युनिटांवर नफा जास्त असतो, म्हणून वाटणी नफ्याच्या आकड्यावरून करा. 31 मार्चची वाट पाहू नका. व्यवहार अडकला तर तो पुढच्या वर्षात जाईल.

आणखी एक गैरसमज पत्रांत वारंवार दिसतो : ‘माझं उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे, मला करच नाही.’ नव्या करप्रणालीतली ती सवलत या नफ्यावरच्या कराला लागू होत नाही. ज्यांना दुसरं उत्पन्न फारसं नाही, अशा गृहिणींना वगैरे मूळ करमुक्त मर्यादेचा उरलेला भाग मात्र वापरता येतो.

एवढा खटाटोप का, तर दोन्ही प्लॅनच्या खर्चातला फरक 1 टक्का असेल तर 9,60,000 वर वर्षाला 9,600 रुपये जातात, आणि रक्कम वाढेल तसे तेही वाढतात. नेमका फरक फंडाच्या साइटवर दिलेला असतो. तुमचा एजंट नॉमिनी, केवायसी, वारसाची कागदपत्रं हे सगळं खरोखर सांभाळत असेल, तर ते पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षं फोनही नसेल तर थांबण्यात अर्थ नाही.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत 1990 च्या सुमाराची शेअर सर्टिफिकेटं सापडली. वडील गेले, आई आहे. काही सर्टिफिकेटांवर दोघांची नावं आहेत. (रत्नागिरी)

उत्तर : आधी दोन गठ्ठे करा. ज्यावर आईचंही नाव आहे ते काम सोपं : मृत्यू दाखला जोडून वडिलांचं नाव वगळायचा अर्ज. फक्त वडिलांचं नाव असेल तिथे वारसाकडे शेअर जाण्याची, म्हणजे ट्रान्समिशनची प्रक्रिया करावी लागते. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून देता येत नाहीत, त्यामुळे दोन्ही वाटा शेवटी डिमॅट खात्यातच (जिथे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत असतात) पोचतात. आईचं खातं नसेल तर ते आजच उघडायला घ्या.

पुढे कंपनी शोधा. तीस वर्षांत नाव बदललेलं असतं, कंपनी दुसरीत विलीन झालेली असते, 10 रुपये दर्शनी किमतीचा शेअर विभागून (स्प्लिट) 1 रुपयाचा झालेला असतो. सर्टिफिकेटवर 50 शेअर लिहिलेत म्हणून आज 50 च असतील असं नाही. मधले बोनस आणि स्प्लिट कंपनीच्या नोंदीत असतात. कंपनीच्या साइटवर रजिस्ट्रारचं, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचं नाव मिळेल. त्याला फोलिओ नंबर आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स पाठवून आजची शेअरसंख्या आणि न उचललेला लाभांश लेखी विचारा. मूळ सर्टिफिकेटं या टप्प्यावर कुणाच्याही हातात देऊ नका.

सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीकडे गेलेले असू शकतात. ते बुडालेले नसतात. आधी कंपनीकडून हक्क मान्य करून घ्यायचा आणि मग आयईपीएफ-5 हा अर्ज भरायचा. त्याला शुल्क नाही, वेळ मात्र भरपूर लागतो.

अर्ज असे : पॅन आणि केवायसीसाठी आयएसआर-1, बँकेकडून सही प्रमाणित करायला आयएसआर-2, नॉमिनीसाठी एसएच-13, ट्रान्समिशनसाठी आयएसआर-5. काम अडतं ते नावावर. सर्टिफिकेटवर ‘एस. व्ही.’ आणि आडनाव, पॅनवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव, मृत्यू दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. हे तिन्ही एकाच व्यक्तीचे आहेत असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा, एक फेरी वाचेल. टक्केवारीवर काम करून देणारे भेटतील. घ्यायचीच असेल तर मदत घ्या, पण कोऱ्या कागदावर आईची सही कधीच नको.

प्रश्न : बाजार पडतोय. स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांच्या) फंडातली एसआयपी थांबवू का? मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला दोन वर्षं आहेत. (नांदेड)

उत्तर : बाजार वर असता तरी उत्तर हेच असतं : दोन वर्षांत लागणारी फी स्मॉल कॅपमध्ये नको. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,935 अंकांनी कोसळून 25,981 वर बंद झाला आणि त्याच वर्षाअखेर 47,000 च्या वर होता. हे उदाहरण सगळ्यांच्या लक्षात आहे. जानेवारी 2008 मध्ये 21,000 ला शिवलेला सेन्सेक्स 9 मार्च 2009 ला 8,160 वर होता, आणि त्या जुन्या शिखराच्या वर तो टिकून राहायला 2013 संपत आलं, हे कुणी सांगत नाही. कॉलेज तेवढं थांबणार नाही.

फीला लागणारी रक्कम पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने काढून मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) ठेवा. वर्ष पूर्ण झालेली युनिटं आधी. नवे हप्तेही तिकडेच वळवा. त्यापलीकडचा, दहा वर्षं न लागणारा पैसा असेल तर त्याची एसआयपी चालू राहू द्या. थांबवायची झाली तर रीतसर रद्द करा. खातं रिकामं ठेवून हप्ता चुकवला तर बँक दंड लावते.

प्रश्न : 1:1 बोनस (एका शेअरमागे एक फुकट) जाहीर झाला. माझे 100 शेअर 1,600 चे होते, अ‍ॅपवर निम्मा तोटा दिसतोय. (ठाणे)

उत्तर : भाव समायोजित होऊन 800 च्या आसपास आला; आणखी 100 शेअर अजून खात्यात दिसत नाहीत, इतकंच. आता रेकॉर्ड तारखेनंतर (त्या दिवशी ज्यांच्याकडे शेअर असतात त्यांना बोनस मिळतो) दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते विकता येतात. कराचं मात्र लक्षात ठेवा : बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्याचं वर्ष मिळाल्या तारखेपासून मोजतात.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सेबी नोंदणीकृत’ सल्लागार आयपीओचे (कंपनीच्या पहिल्या जाहीर विक्रीचे) शेअर खात्रीने मिळवून देतो म्हणतो. त्याच्या अ‍ॅपवर माझा नफा दिसतोय, पण काढायला गेल्यावर आधी ‘कर’ भरा म्हणतात. (पणजी)

उत्तर : एक रुपयाही आणखी भरू नका. नफ्यावरचा कर तुम्ही सरकारला भरता, अ‍ॅपला नव्हे. आयपीओचं वाटप अर्ज आणि सोडतीनेच होतं, खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्या अ‍ॅपवरचा आकडा नुसता पडद्यावर रंगवलेला आहे. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आयएनए ने आणि रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो. तो सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) साइटवर टाकून नाव जुळतं का पाहा. खऱ्या माणसाचा क्रमांक चोरून वापरणारेही आहेत, म्हणून साइटवर दिलेल्या पत्त्यावर स्वतः संपर्क साधा. पैसे गेले असतील तर आत्ता, हे वाचून होताच, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले तो तपशील आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ग्रुप सोडण्याआधी ते काढा.