आर्थिक सल्ला : सशाच्या अंत्यसंस्कारासाठी किती खर्च करावा?

ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यांच्या घरी नऊ वर्षे असलेल्या सशाची, बुंदीची, मूत्रपिंडे निकामी होत आली असून पशुवैद्यांनी काही आठवड्यांचीच मुदत सांगितली आहे. घरखर्च दरमहा ४२,००० रुपये, अडीअडचणीसाठी बचत खात्यात ७०,००० रुपये आणि अकरा वर्षांच्या मुलीसाठी दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव, अशी त्यांची स्थिती आहे. चौकशी करून त्यांनी चार पर्याय कळवले आहेत. स्वतंत्र दहन करून रक्षा परत मिळण्याचे ४,५०० रुपये; त्याच ठिकाणी पेटी, फुले, पंजाचा ठसा आणि कोरीव कलश यांसह १४,००० रुपये, तेही क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर; एका खासगी दफनभूमीत तीन वर्षांसाठी जागेचे २२,००० रुपये व त्यानंतर दरवर्षी ४,००० रुपये; आणि इमारतीमागच्या बागेत सोसायटीच्या परवानगीने जवळजवळ विनाखर्च दफन. इमारत पुढच्या वर्षी पुनर्विकासाला जाणार असल्याचे आणि मुरबाडजवळ सासरचे घर असल्याचे त्यांनी शेवटी ओघात लिहिले आहे. त्यांचा प्रश्न असा : "एवढ्याशा जिवासाठी एवढा पैसा घालणे वेडेपणा ठरेल का, आणि नाही घातला तर मुलीला काय वाटेल?"

आपल्या प्रश्नातला 'एवढ्याशा' हा शब्द मी हिशेबात धरणार नाही. नऊ वर्षे ज्याच्यासाठी सकाळी उठून कोथिंबीर आणि मेथी निवडली, त्याला नीट निरोप द्यावा असे वाटणे यात वेडेपणा कसला? पैशाच्या बाजूने पाहायचे ते एवढेच की, जो खर्च कराल तो एकदाच व्हावा, हाताशी असलेल्या पैशातून व्हावा आणि त्याचा निर्णय बुंदी जिवंत असताना व्हावा. तिसरी गोष्ट मी अनुभवाने सांगतो आहे. आमची मांजर रात्री गेली तेव्हा फोनवर जो आकडा सांगितला गेला तो मी तसाच मान्य केला. त्यात काय मिळणार आणि काय नाही हे विचारण्याचे त्राण त्या वेळी घरात कोणालाच नव्हते. आपल्या हाती अजून काही आठवडे आहेत, त्यांचा उपयोग करावा.

दफनभूमीचा पर्याय आपल्याला सर्वांत भावला आहे, हे पत्रावरून जाणवते. परंतु तेथे २२,००० रुपये ही किंमत नसून केवळ सुरुवात आहे. पहिली तीन वर्षे त्या रकमेत जातील आणि पुढच्या सात वर्षांचे २८,००० रुपये होतील, म्हणजे दहा वर्षांत, दर वाढला नाही असे गृहीत धरूनही, ५०,००० रुपये लागतील. याहून मोठी अडचण अशी की, ही वर्गणी थांबवण्याचा निर्णय कोणालाच घेववत नाही. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क आणि बुंदीच्या जागेचे नूतनीकरण एकाच महिन्यात समोर आले, तर यातले काय मागे ठेवायचे, हा प्रश्न घरात निघणे हेच क्लेशदायक आहे. पैसे न भरल्यास त्या जागेचे काय केले जाईल, हे करारात स्पष्ट लिहिलेले असते का, तेही पाहावे लागते. हा पर्याय मी आपल्यासाठी नाकारतो.

चौदा हजारांच्या दहनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बुंदीच्या देहाचे जे होणार ते साडेचार हजारांतही तेच होणार. वरचे साडेनऊ हजार वस्तूंचे आहेत. हप्ते चुकून पूर्ण चौदा हजारांची रक्कम कार्डावर थकली आणि दरमहा साडेतीन टक्के दर लागला, तर पहिल्याच महिन्याचे व्याज ४९० रुपये होते व त्यावर वस्तू आणि सेवा कर वेगळा. पंजाचा ठसा हवासा वाटणे मी समजू शकतो, परंतु तो ओल्या शाडूच्या मातीत घरीच घेता येतो, आणि मुलगी स्वतः घेईल तर तो तिला अधिक जवळचा वाटेल.

सोसायटीच्या बागेविषयी मात्र मला थांबून लिहावेसे वाटते, कारण फुकट दिसणारा हाच पर्याय माझ्या मते सर्वांत महाग पडू शकतो. पुनर्विकास सुरू झाला की आवाराला पत्रे ठोकले जातील, आणि पायासाठी व वाहनतळासाठी सगळी जमीन खणली जाईल. आपण तेव्हा भाड्याच्या घरात असाल आणि मुलगी बारा वर्षांची असेल. पत्र्यांमागे काय चालले आहे हे तिला सांगावे लागू नये, असे मला मनापासून वाटते. येऊरच्या रानात किंवा खाडीकाठच्या तिवरांत गुपचूप पुरून येण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नये. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे असे काही करणे उचित नाही.

उरते ते मुरबाड, आणि माझा कौल तिकडेच आहे. आधी सासूबाईंशी बोलावे. घर व परसाची जागा कोणाच्या नावावर आहे, वाटणीचा किंवा विक्रीचा विषय निघालेला आहे का, हे विचारावे. सातबारा किंवा ग्रामपंचायतीकडचा घराचा उतारा एकदा पाहून घ्यावा. सशासाठी सातबारा पाहायला सांगतो आहे, याचे कारण बागेचा प्रश्न आपल्याला दुसऱ्यांदा पडू नये एवढेच. जागा विहिरीपासून लांब आणि पावसाचे पाणी साचणार नाही अशी असावी. खड्डा निदान तीन फूट खोल हवा, देह प्लॅस्टिकमध्ये न ठेवता सुती कापडात गुंडाळावा आणि वर दगड ठेवावेत, म्हणजे कुत्री माती उकरणार नाहीत. बुंदीच्या वेदना पाहून पशुवैद्यांनी इंजेक्शनने शांत मरण देण्याचे सुचवले, तर ते तिच्या यातनेवर ठरावे, खर्चावर नव्हे. मात्र त्या औषधाचे अंश देहात राहतात आणि ते खाणाऱ्या कुत्र्यांना व घारींना विषबाधा होऊ शकते, म्हणून त्या स्थितीत खोलीबाबत तडजोड करू नये. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते. त्याआधी पाय पोटाशी घेऊन तिला झोपल्यासारखे ठेवावे, कापडाबाहेरून बर्फाच्या पिशव्या लावाव्यात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निघावे.

भाड्याच्या गाडीचे जाण्यायेण्याचे साडेतीन हजार आणि किरकोळ खर्च धरून ६,००० रुपये आजच वेगळ्या खात्यात काढून ठेवावेत. ऐन पावसात रस्ता बंद असला किंवा सुट्टी मिळाली नाही, तर याच पैशात साडेचार हजारांचे साधे स्वतंत्र दहनही बसते. रक्षा मूठभरच असेल, ती पुढे सवडीने मुरबाडच्या मातीत मिसळता येईल. दहन खरोखर एकट्या बुंदीचेच होणार का, आणि साडेचार हजारांत घरून नेण्याचा खर्च धरला आहे का, एवढे दोन प्रश्न आताच विचारून लेखी घ्यावेत. मुंबई महापालिकेने मालाडमध्ये २०२३ साली लहान प्राण्यांसाठी गॅसवरील विनाशुल्क दहनाची सोय सुरू केली आहे, परंतु आपण ठाण्याच्या रहिवासी आहात, तेव्हा तेथे जाण्याआधी फोनवर विचारणे आवश्यक आहे.

हे ६,००० रुपये राखीव निधीतून घ्यावेत आणि दरमहा १,००० रुपये भरून सहा महिन्यांत तो पूर्ववत करावा. आवर्ती ठेव मोडू नये. ७०,००० रुपये म्हणजे आपला दोन महिन्यांचाही घरखर्च नाही, आणि पुढच्या वर्षी विकासकाकडून भाडे मिळाले तरी नव्या घराची अनामत रक्कम बहुधा आपल्यालाच आधी भरावी लागेल, म्हणून याहून अधिक त्यातून काढू नये.

मुलीला काय वाटेल, हे तिलाच विचारावे. बुंदीला आजीच्या परसात ठेवायचे ठरत आहे, हे तिला या आठवड्यातच सांगावे, आणि कापड कोणते घ्यायचे व जागा कोणत्या झाडाजवळ हवी, हे तिला ठरवू द्यावे. जमल्यास येत्या रविवारी तिला घेऊन मुरबाडला जाऊन यावे आणि जागा पाहून ठेवावी.