कांदा, रिकार्डो आणि तीन रकान्यांचा तक्ता

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : एम.ए.ला ‘जागतिक राजकीय अर्थव्यवस्था’ हा पेपर आहे. सरांनी उदारमतवाद, व्यापारवाद (म्हणजे आर्थिक राष्ट्रवाद) आणि मार्क्सवाद असा तीन रकान्यांचा तक्ता दिलाय. तो पाठ आहे, पण यातलं बरोबर कोणतं ते कळत नाही आणि ‘उदाहरणासह चर्चा करा’ असं आलं की पेन थांबतं.

‘बरोबर कोणतं’ हा प्रश्न आधी सोडून द्या. हे काही तीन पक्ष नव्हेत, एकाला मत देऊन मोकळं व्हायला. प्रत्येक सिद्धान्त त्याच घटनेला स्वतःचा एक प्रश्न विचारतो आणि दुसरा एखादा प्रश्न विचारायचं टाळतो. टाळलेला प्रश्न कोणता, ते दाखवता आलं की उत्तर उभं राहतं. तो तक्ता मीही बरीच वर्षं फळ्यावर काढत आलो. रॉबर्ट गिल्पिन यांनी १९८७ मध्ये अशी तिहेरी विभागणी मांडली आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांतून फिरते आहे. सुरुवातीला ठीक आहे. पण पोरं रकाने पाठ करतात आणि घटना विसरतात.

म्हणून आपण एक घटना घेऊ. कांदा.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. त्या दिवशी माझा मेहुणा निफाड तालुक्यातून लाल कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत गेला होता. लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले, ट्रॅक्टर तसाच घरी आला. पंधरवड्यात भाव जवळपास निम्म्यावर. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचं किमान मूल्य ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला.

उदारमतवादी विचारेल : या सगळ्यात एकूण मिळकत वाढली की घटली? त्याचं उत्तर सोपं आहे. नाशिकला कांदा चांगला पिकतो, ढाक्याला हवा असतो, मध्ये भिंत घातली की दोघंही तोट्यात. याच्या मुळाशी इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं १८१७ चं उदाहरण आहे आणि ते बहुतेक विद्यार्थी आकडे न बघताच लिहितात. आकडे बघा. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालला कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही पोर्तुगालने वाइनच करावी (तिथे त्याची आघाडी जास्त) आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचा फायदा, हे रिकार्डोने दाखवलं. तर्क अस्सल आहे. मी तो अजूनही शिकवताना मनातल्या मनात टोपी काढतो.

पण त्याच पानांच्या आसपास दोन गोष्टी दडल्या आहेत. एक रिकार्डो स्वतःच सांगतो : भांडवलदार आपला देश सोडून सहसा परदेशी पैसा लावत नाहीत, हे त्याने धरून चाललेलं आहे. आज ते धरून चालता येईल का? दुसरी तो सांगत नाही. पोर्तुगालची वाइन आणि इंग्लंडचं कापड ही जोडी निसर्गाने जुळवलेली नव्हती. १७०३ च्या मेथुएन तहात इंग्लंडने फ्रेंच वाइनपेक्षा पोर्तुगीज वाइनवर एक तृतीयांश कमी जकात लावायचं कबूल केलं आणि बदल्यात आपल्या लोकरी कापडाला पोर्तुगालची दारं उघडून घेतली. सिद्धान्ताचं गाजलेलं उदाहरणच मुळात एका राजकीय तहाचं अपत्य!

इथे व्यापारवादी पुढे सरसावतो. त्याचा प्रश्न : यात राज्याची ताकद वाढली की घटली? कांद्याच्या बंदीच्या काळात सरसकट बंदी होती असं आपण म्हणतो, पण नव्हती. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातींना १४,४०० टन कांदा सरकारी परवानगीने, राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत द्यायचं ठरलं. एप्रिलमध्ये सहा देशांची यादी निघाली. त्यात भूतान, मॉरिशस, बहारीन, श्रीलंकाही होते. ही यादी बाजाराने केलेली नाही, परराष्ट्र धोरणाने केली. आणि उलट बाजूनेही बघा. २०१९ च्या सप्टेंबरात अशीच अचानक बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत भर सभेत हसत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता कांद्याशिवाय कर. हसत म्हणाल्या, पण रोख सगळ्यांना कळला. जो पुरवठादार केव्हाही दार लावू शकतो, त्याच्यावर किती विसंबायचं?

नियमांचं काय, असं तुम्ही विचाराल. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातलं अकरावं कलम निर्यातीवर बंदी घालायला मनाई करतं. पण त्याच कलमात, देशात अन्नाची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालेल अशी फट ठेवली आहे. निर्यातशुल्काला तर मुळात मनाईच नाही. हे कलम लिहिलं गेलं तेव्हाच राज्यांनी स्वतःसाठी मागचं दार ठेवलं होतं.

या रकान्यात सगळे जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रिडरिख लिस्टचं नाव लिहितात, १८४१. शिडी चढून वर गेलेला शिडी लाथाडतो, हे त्याचं इंग्लंडबद्दलचं म्हणणं. तुम्ही त्याच्या शेजारी न्यायमूर्ती रानडे लिहा. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी ‘भारतीय अर्थशास्त्र’ या विषयावर व्याख्यान दिलं. त्यात त्यांचा मुद्दा असा की इंग्लंडातले अर्थशास्त्रज्ञ ज्या गृहीतकांना सार्वत्रिक सत्य म्हणतात ती इंग्लंडच्या परिस्थितीतून आली आहेत आणि ती इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. लिस्टचा आधार त्यांनी घेतला आहेच. परीक्षक मराठी असेल तर हा एक परिच्छेद तुमचा पेपर गठ्ठ्यातून वर काढेल.

मार्क्सवादी वेगळ्याच ठिकाणी उभा राहतो. ‘भारत’ आणि ‘बांगलादेश’ ही नावं त्याला पुरेशी वाटत नाहीत. भारतातल्या कुणाला? त्याच्या नजरेने माझ्या मेहुण्याचा ट्रॅक्टर बघा. उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवून चार-पाच महिने थांबता येतं. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे डिसेंबरातली बंदी कुणाच्या मानेवर बसली? ज्याच्याकडे थांबायची सोय नाही त्याच्या. ज्याच्याकडे गोदाम आणि खेळतं भांडवल आहे तो पडलेल्या भावात घेतो. एकाच शब्दाने ‘कांदा उत्पादक’ म्हटलं की हा फरक झाकला जातो.

मग पुढचा प्रश्न : शहरात कांदा स्वस्त राहिल्याने कुणाचं भलं होतं? गिऱ्हाइकाचं, हे उघड. पण अन्न स्वस्त तर मजुरीही कमी ठेवता येते आणि नफा वाढतो. गंमत म्हणजे हा युक्तिवाद मार्क्सच्या आधी रिकार्डोचाच. परदेशी धान्य अडवणाऱ्या इंग्लंडच्या धान्य कायद्यांना त्याचा विरोध होता तो याच हिशोबाने : धान्य महाग, म्हणून मजुरी जास्त, म्हणून नफा कमी, आणि मधल्यामध्ये जमीनदार गब्बर. तक्त्यात पहिल्या रकान्यात बसवलेला माणूस तिसऱ्या रकान्याची भाषा बोलतोय. रकाने एवढे पक्के नाहीत, हे लक्षात ठेवा.

आणि रकाने खरोखर मोडायचे असतील तर शरद जोशी घ्या. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आला आणि पहिलं आंदोलन उभारलं ते कांद्याच्याच भावासाठी. त्यांचं निदान ऐका : शेतमालाचे भाव धोरण म्हणून पाडले जातात, त्या लुटीतून ‘इंडिया’ उभा राहतो आणि ‘भारत’ मागे पडतो. हे निदान थेट शोषणाच्या सिद्धान्ताच्या घराण्यातलं आहे. वसाहतीतून संपत्तीचा जो ओघ बाहेर जात होता तो आता खेड्यातून शहराकडे जातो, एवढाच बदल. पण औषध? औषध उदारमतवाद्याचं. सरकार बाजूला करा, बाजार खुला करा, निर्यात होऊ द्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डाव्यांपासून स्वदेशीवाल्यांपर्यंत सगळे गॅट वाटाघाटींतल्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध (शेतमालाचा व्यापारही खुला करण्याच्या मसुद्याविरुद्ध) रस्त्यावर होते, तेव्हा जोशी त्याच्या बाजूने बोलत होते. आता सांगा, त्यांना कुठल्या रकान्यात घालाल?

माझं मत विचाराल तर जोशींचं निदान मला औषधापेक्षा भक्कम वाटतं. खुल्या बाजारातही लाल कांदेवाल्याला थांबता येत नाही, ते दुखणं तसंच राहतं. यावर माझ्याशी वाद घालणारे जोशींच्या शेतकरी संघटनेतले जुने मित्र आहेत, आणि ते दर वेळी एकच विचारतात : थांबता येत नाही हे मान्य, पण दार लावणारा कोण? त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

‘ओघ’ शब्द आला म्हणून सांगतो. परावलंबन सिद्धान्त (गरीब देश श्रीमंत देशांवर अवलंबून ठेवले गेले म्हणून मागे राहिले, असं म्हणणारा) म्हटलं की राउल प्रेबिश (१९४९-५०), आंद्रे गुंडर फ्रँक, आणि जागतिक व्यवस्थेच्या सिद्धान्तासाठी इमॅन्युएल वॉलरस्टीन (१९७४) ही नावं येतात. ती लिहाच. पण दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त १८६७ पासूनचा आहे, आणि त्याच्याही आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘ए हिंदू’ या टोपणनावाने मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीचा हिशोब मागितला होता. १८४१ हे साल वर आलंच आहे. लिस्टचं पुस्तक जर्मनीत आलं त्याच वर्षी पंचविशीतला एक मराठी तरुण मुंबईत हे लिहीत होता.

आता तक्त्याबाहेरचं. आणखी एकच अभ्यासक नीट वाचायची असेल तर सुझन स्ट्रेंज. त्यांचा १९८८ चा मुद्दा असा : सत्ता म्हणजे नुसतं दुसऱ्याला हवं ते करायला लावणं नव्हे, खेळाचं मैदान आखण्याची ताकद ही खरी सत्ता. सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान अशा चार जागी ती असते. आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं : फायदा कुणाचा?

कांद्याला लावून बघा. अधिसूचनेत किमान निर्यात मूल्य किती होतं? टनामागे ८०० डॉलर. निफाडचा कांदा बांगलादेशच्या बेनापोल सीमेवरून ट्रकने ढाक्याला जाणार, आणि भाव डॉलरात. आपला रुपया नाही, बांगलादेशचा टाका नाही. अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ ला डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, तरीही जागतिक व्यवहारांतली डॉलरची जागा हलली नाही. २०२२-२३ मध्ये बांगलादेशकडे डॉलरची चणचण होती, तिथल्या आयातदारांना पतपत्रं (बँकेची पैसे देण्याची हमी) उघडणं जड जात होतं, जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांनी रुपयात व्यवहाराची सोय सुरू केली. म्हणजे नाशिकच्या कांद्याचं गिऱ्हाईक वॉशिंग्टनच्या चलनावर अवलंबून, आणि त्या नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, त्यातली १६ टक्क्यांहून जास्त एकट्या अमेरिकेकडे. नकाराधिकार कागदावर कुठे लिहिलेला नाही, आकड्यांत आहे.

बाकीचं भरभर. रॉबर्ट कॉक्स (१९८१) म्हणतात की सिद्धान्त नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. हे वाक्य उत्तराच्या सुरुवातीला टाकायचा मोह टाळा, सगळेच टाकतात. स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारलं, यात बाया कुठे आहेत? कांद्यात त्या सगळीकडे आहेत : रोपं लावायला, खुरपायला, काढणीला, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी करायला. ट्रॅक्टरवर आणि लिलावाच्या ओट्यावर मात्र दिसणार नाहीत. विधायकवादी, म्हणजे कल्पनांना महत्त्व देणारे, विचारतील की सरकारं कांद्यालाच एवढी का घाबरतात? १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याच्या भावाने निवडणुकीत पडलं, ही आठवण अजून कारभार करते आहे. या विषयातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन पठडींचा वाद शेवटच्या आठवड्यात वाचा, आत्ता डोकं खराब करून घेऊ नका.

आता तुम्ही एक करा. कांदा माझा झाला, तुम्ही साखर घ्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस आणि साखर अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं, ज्या अपील मंडळाकडे केलं ते डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांअभावी बंद आहे, कारण नव्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या आहेत. म्हणजे निकाल आहे आणि लागूही होत नाही. एकेका सिद्धान्ताला एकच पान द्या. पानाच्या तळाशी, त्याने काय विचारलं नाही, ते एका ओळीत. ऊसतोड मजूर तुमच्या कितव्या पानावर येतो, तेही बघा. लिहून झालं की इथेच टाका, मी वाचून सांगतो.