थरथर सारखी, जागा वेगळी

प्रश्न : कपाशीवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारताना माझ्या काकांना विषबाधा झाली. तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू फडफडत होते. पऱ्हाटीखाली पडलेले किडेही तसेच तडफडत होते. दोघांच्या स्नायूंवर विष सारखंच काम करतं का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नाही. विष एकच, पण ते दोघांना वेगळ्या जागी गाठतं.

आपल्या मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवतं अॅसिटिलकोलीन हे रसायन. काम झालं की एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस त्या एन्झाइमलाच जखडून ठेवतं. मग अॅसिटिलकोलीन साचत जातं. स्नायू आधी फडफडतात, नंतर लुळे पडतात.

किड्याच्या पायाला मात्र अॅसिटिलकोलीन कळतच नाही; तिथे निरोप पोचवतं ग्लुटामेट. प्राणिशास्त्र शिकवत असताना मी नाकतोड्याच्या मागच्या मांडीचा स्नायू सलाईनमध्ये ठेवून दोऱ्याने तरफेला बांधत असे. अॅसिटिलकोलीन टाकलं, तर तरफेची हालचाल टिपणाऱ्या, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर सरळ रेघ. ग्लुटामेट टाकलं की तरफ टुणकन वर! चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो म्हणजे याच ग्लुटामेटचा क्षार. मुलं तरफेकडे बघत राहायची, कारण ग्लुटामेट भांड्यात असतानाच ती पुन्हा खाली येई. स्नायूवरचे ग्लुटामेट ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) तेवढ्यात बधिर झालेले असत.

आणखी एक फरक मला फार मोलाचा वाटतो. किड्याच्या स्नायूपर्यंत ‘थांब’ सांगणारा तंतूही पोचतो, तो गाबा नावाचं रसायन सोडतो. आपल्याकडे हा आवर मज्जारज्जूतच घातला जातो; स्नायूपर्यंत फक्त ‘आवळ’ एवढाच हुकूम येतो.

मग किडा का तडफडतो? त्याच्या मज्जागंडिकांमध्ये, म्हणजे मज्जापेशींच्या गाठींमध्ये, अॅसिटिलकोलीन असतं. विषाने तिथे गोंधळ माजतो, पायाकडे हुकमांवर हुकूम सुटतात आणि स्नायूवर ग्लुटामेट सांडत राहतं.

आता काकांबद्दल. अॅट्रोपीन या उताऱ्याच्या औषधाने लाळ आटते, छातीतला चिकटा कमी होतो, मंदावलेली नाडी सुधारते; पण दंडाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर त्याचा उपयोग होत नाही. लाळ थांबली म्हणून घरी न्यायची घाई करू नका. मान उचलता न येणं, श्वास अपुरा पडणं हे विषबाधेनंतर 1 ते 4 दिवसांतही सुरू होऊ शकतं. तसं दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.